स्वतःच्या पॅराशूटची जुळवाजुळव : वेंगुर्ल्याच्या पडवीतील नोंदी

१४ जून

माझ्या आजवर विमानातून पॅराशूटच्या अडतीस उड्या झाल्या असून त्या सर्व भाड्याच्या साहित्यावर झाल्या आहेत. प्रशिक्षण आणि ए-लायसन्स (स्वतंत्रपणे उडी घेण्याचा पहिला परवाना) दुबईत पूर्ण केले, कारण दादा-वहिनी तिथे राहतात आणि आमच्या कोकणपट्टीत उडी घेण्याची सोय असलेले ठिकाण नाही. आता पावसाचे चार महिने हातात आहेत. या काळात स्वतःचे साहित्य निवडून, अंगाला नीट बसवून आणि घडी घालायला शिकून ऑक्टोबरमध्ये त्याच साहित्यावर उडी घ्यायची, असे ठरवले आहे. माझ्यासारखेच वजनाने हलके, अनुभवाने नवे आणि जवळपास रिगर (पॅराशूट तपासणारा व दुरुस्त करणारा परवानाधारक) नसलेल्या गावात राहणारे कोणी हेच करू पाहत असेल, तर त्याला माझ्या चुका आधीच कळाव्यात, म्हणून या नोंदी ठेवत आहे.

पहिला प्रश्न मेन कॅनॉपीच्या, म्हणजे मुख्य पॅराशूटच्या छत्राच्या, आकाराचा होता. माझे वजन ५३ किलो आहे. कपडे, हेल्मेट आणि पाठीवरचे सगळे साहित्य मिळून साडेअकरा किलो धरले, तर विमानातून बाहेर पडताना एकूण वजन ६४.५ किलो, म्हणजे १४२ पौंड होते. या पौंडांना कॅनॉपीच्या चौरस फुटांनी भागले की विंग लोडिंग मिळते. ते १९० च्या कॅनॉपीवर ०.७५, १७० वर ०.८४, १५० वर ०.९५ आणि १३५ वर १.०५ येते. नवशिक्याने १.० च्या आत राहावे, या सर्वसाधारण सल्ल्यात १५० बसत होती आणि तशी एक चांगली कॅनॉपी वीस हजारांनी स्वस्त मिळतही होती.

तरीही मी ती घेतली नाही. लहान कॅनॉपीच्या दोऱ्या आखूड असतात, त्यामुळे लोडिंगचा आकडा तोच असला तरी ती मोठ्या कॅनॉपीपेक्षा लवकर वळते आणि वळताना अधिक उंची गमावते. म्हणजे ऐंशी किलोच्या माणसाचे ०.९५ आणि माझे ०.९५ हे एकच नव्हे. शेवटच्या आठ उड्या मी १९० वर घेतल्या आणि त्यांतल्या तीन वेळा उतरताना गुडघ्यांवर आले. वाऱ्याच्या दिवशी मोठी कॅनॉपी हलक्या माणसाला पुढे सरकू देत नाही, हेही अनुभवले आहे, म्हणून १९० वरच थांबायचे नव्हते. एकच पायरी खाली येऊन १७० ठरवली. रिझर्व्ह, म्हणजे मेन निकामी झाल्यास वापरायचे राखीव पॅराशूट, १६० चे ठरवले, कारण ते वापरायची वेळ येईल तेव्हा मी घाबरलेली किंवा जखमी असण्याची शक्यता अधिक, आणि तेव्हाच सर्वांत सौम्य कॅनॉपी हवी.

२३ जून

या प्रकल्पातली सर्वांत महाग चूक आज उघडकीस आली. मेन १७० आणि रिझर्व्ह १६० मावेल असा वापरलेला कंटेनर (दोन्ही पॅराशूट ठेवायची पाठपिशवी, तिच्या अंगावरच्या पट्ट्यांसह, म्हणजे हार्नेससह) मी मे महिन्यातच १,१२,००० रुपयांना घेऊन टाकला होता. विक्रेत्याने ‘पाच फूट चार ते पाच फूट आठ उंचीच्या व्यक्तीसाठी’ असे स्पष्ट लिहिले होते. माझी उंची पाच फूट एक इंच आहे. पट्टे आवळता येतात, तेवढ्याने भागेल, असे मी गृहीत धरले.

दादाच्या मित्राने तो काल आणून दिला आणि आज आम्ही माजघरातल्या तुळईला मला टांगून पाहण्याचा प्रयोग केला. काका आयुष्यभर मासेमारीसाठी रापणीवर गेलेले आहेत. त्यांनी दोन्ही रायझरना (हार्नेस आणि कॅनॉपीच्या दोऱ्या जोडणाऱ्या पट्ट्यांना) जाड दोर बांधून तो तुळईवरून घेतला आणि बाबांनी खालचे स्टूल हळूच काढले. उभी असताना सगळे ठीक वाटत होते. लोंबकळताच शरीर हार्नेसमध्ये खाली घसरले, छातीचा पट्टा गळ्याशी आला आणि खांद्यावर चार बोटे सहज शिरतील एवढी पोकळी राहिली. उजवीकडचे कटअवे (बिघडलेली मेन सोडून देण्याचे) हँडल आणि डावीकडचे रिझर्व्हचे हँडल बरगड्यांपाशी असायला हवे, ते दोन्ही गळपट्टीच्या हाडाच्या जवळ पोहोचले होते. डोळे मिटून हात नेला, तर तो पहिल्या तिन्ही वेळा रिकाम्या पट्ट्यावर पडला. मांडीचे पट्टे तर बकलमधून शेवटपर्यंत ओढलेले होते.

कारण नंतर समजले. मांडीचे आणि छातीचे पट्टे कमी-जास्त करता येतात. पण खांद्यापासून कमरेपर्यंत जाणारा उभा मुख्य पट्टा, ज्याला मेन लिफ्ट वेब म्हणतात, तो बहुतेक स्पोर्ट हार्नेसवर एकाच मापाचा शिवलेला असतो. कंटेनर घेताना कॅनॉपी किती मावेल हे मी पाचदा विचारले आणि या पट्ट्याची लांबी एकदाही विचारली नाही. वास्तविक हाच आकडा पहिला विचारायला हवा होता.

२ जुलै

बाजारात ताडपत्र्या आणि गाड्यांची सीट-कव्हरे शिवणारे एक अत्यंत कुशल कारागीर आहेत. त्यांनी पट्टा पाहून ‘अर्ध्या तासाचे काम’ असे सांगितले. त्यांच्या हाताबद्दल मला शंका नाही, तरीही नकार दिला. कॅनॉपी उघडते त्या क्षणी माझे सगळे वजन, आणि त्याच्या कितीतरी पट झटका, त्याच दोन पट्ट्यांवर येतो. तिथला पट्टा, धागा आणि टाक्यांची ठरावीक रचना हे सर्व प्रमाणित असते आणि ते उसवून पुन्हा शिवण्याचा अधिकार उत्पादकाला किंवा त्या दर्जाच्या रिगरलाच असतो.

कंटेनर उत्पादकाकडे परत पाठवला आहे. मापे आईने शिंप्याच्या टेपने घेतली आणि मी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊन पडताळली, हे बरे झाले, कारण धडाच्या मापात दोन सेंटिमीटरचा फरक निघाला. पट्टा बदलण्याचे ४१,००० आणि ने-आण ९,००० असे पन्नास हजार रुपये केवळ न विचारल्यामुळे गेले आणि वर सात-आठ आठवडे थांबावे लागणार.

मापे घेताना आईने पुण्याच्या शीतल महाजन यांची आठवण काढली. त्यांनी २०१८ साली थायलंडमध्ये पट्टाया येथे नऊवारी नेसून उडी घेतली होती. कासोटा असल्यामुळे मांडीचे पट्टे नीट बसू शकतात, हे आईच्या लगेच लक्षात आले. मला ते तिने सांगेपर्यंत सुचले नव्हते.

१८ जुलै

मेन कॅनॉपी ठरली. नऊ सेलची (हवा भरणाऱ्या कप्प्यांची), शून्य सच्छिद्रतेच्या कापडाची, सुमारे ४२० उड्या झालेली १७० ची कॅनॉपी ९२,००० रुपयांना मिळाली. या वेळी पैसे देण्याआधी ती दादाच्या पत्त्यावर मागवून तिथल्या रिगरकडून तपासून घेतली. कापड उत्तम निघाले, दोऱ्यांत मात्र दोष सापडला.

या कॅनॉपीच्या दोऱ्या स्पेक्ट्रा या कृत्रिम धाग्याच्या आहेत. उघडताना स्लायडर (उघडण्याचा वेग आवरणारा कापडी चौकोन) दोऱ्यांवरून घासत खाली येतो, त्या घर्षणाच्या उष्णतेने स्पेक्ट्रा हळूहळू आकसतो आणि स्लायडरच्या कड्यांतून जाणाऱ्या बाहेरच्या दोऱ्या व ब्रेकच्या दोऱ्या सर्वाधिक आखडतात. रिगरने सगळ्या दोऱ्या मूळ तक्त्याशी ताडून पाहिल्या. इतर दोऱ्या मर्यादेत होत्या, पण ब्रेकच्या खालच्या दोऱ्या इतक्या आखडल्या होत्या की टॉगल (ब्रेक ओढायच्या मुठी) पूर्ण वर सोडल्यावरही कॅनॉपीची मागची कड किंचित ओढलेलीच राहिली असती. त्या बदलायला ६,५०० रुपये लागले. हा दोष नुसत्या डोळ्यांना मुळीच दिसत नाही, त्यामुळे छायाचित्रे पाहून कॅनॉपी घेऊ नये, हे माझे आता पक्के मत आहे.

९ ऑगस्ट

साहित्य येण्याआधी ते ठेवायची जागा तयार करत आहे. मधल्या खोलीतले लोखंडी कपाट निवडले होते, कारण घरात उंदीर आहेत आणि माळ्यावर काहीही सुरक्षित राहत नाही. कपाट लावून झाल्यावर लक्षात आले की त्याला लागूनच इन्व्हर्टरची बॅटरी आहे. बॅटरीतले आम्ल नायलॉन खाते आणि पट्ट्यावरचा डाग लहान दिसला तरी आतली ताकद गेलेली असू शकते. बॅटरी हलवणे जमेना म्हणून कपाट आईच्या खोलीत नेले. डांबराच्या गोळ्याही ठेवल्या नाहीत. नायलॉनजवळ कुठलेही रसायन नको. सिलिका जेलच्या पिशव्या ठेवल्या आहेत, त्या चार-पाच दिवसांनी तव्यावर गरम करून पुन्हा वापरते.

५ सप्टेंबर

चतुर्थीसाठी दादा आला आणि मेन कॅनॉपी, डी-बॅग (घडी घातलेली कॅनॉपी ठेवायची पिशवी) व दुरुस्त झालेला कंटेनर घेऊन आला. रिझर्व्ह आणि एएडी (गरज पडल्यास रिझर्व्ह आपोआप उघडणारे यंत्र) तिथेच ठेवले आहेत, कारण ते बसवण्याचे काम रिगरचे आहे.

गणपतीच्या तयारीच्या गडबडीतही पुन्हा तुळईला टांगून पाहिले. छातीचा पट्टा जागेवर राहिला, खांद्यावर एक बोटही शिरेना आणि डोळे मिटून वीस वेळा हात नेला तेव्हा विसाही वेळा हँडल हाताला लागले.

९ सप्टेंबर

पडवी चोवीस फूट लांब आहे, तिथे स्वच्छ ताडपत्री अंथरून पहिली घडी घातली. दोन तास पन्नास मिनिटे लागली आणि शेवटी कंटेनर बंद झालाच नाही.

दोऱ्या सारख्या करणे, कॅनॉपी खांद्यावर घेऊन नाकाकडची, म्हणजे पुढच्या कडेची, बाजू मोजणे, दोऱ्यांच्या गटांमधले कापड बाहेर काढणे, स्लायडर वर टोकापर्यंत चढवून त्याचे चार भाग नीट पसरणे, इथपर्यंत प्रशिक्षणात शिकलेले हाताला आठवत होते. अडचण पुढे आली. मागची कड गुंडाळून कॅनॉपी जमिनीवर ठेवली आणि हवा काढू लागले, तर कापड हाताखालून ओल्या बोंबलासारखे निसटू लागले. या कापडातून हवा आरपार जात नाही, ती शिवणींतून आणि उघड्या तोंडातूनच बाहेर पडते. मी मधोमध दाबत होते, त्यामुळे हवा नुसती इकडून तिकडे सरकत होती.

उपाय असा सापडला की, गुडघे टेकवून वरच्या टोकापासून सुरुवात करायची, अंगाचा भार टाकून खाली दोऱ्यांच्या दिशेने हळूहळू सरकायचे आणि पुढे गेल्यावर मागे हात उचलायचा नाही. हे सावकाश केले की एकदाच पुरते. घाई केली की तीनदा करावे लागते.

११ सप्टेंबर

चौथी घडी. बंद झाली, वेळ एक तास चाळीस मिनिटे. उलगडताना रायझरपासून दोऱ्या वर तपासत गेले, तर सगळ्या दोऱ्यांना एक पीळ दिसला जो फिरवून सुटत नव्हता. पहिल्या दिवशी दादाने कंटेनर उलटा-सुलटा करून पाहिला, तेव्हा तो दोऱ्यांच्या मधून आरपार गेला होता आणि मी तपासणी न करताच सलग चार घड्या त्याच अवस्थेत घातल्या होत्या. ही अवस्था आकाशात सोडवता येत नाही. कंटेनर पुन्हा त्याच वाटेने उलट बाहेर काढला, की पीळ क्षणात सुटला. तेव्हापासून प्रत्येक घडीआधी दोन्ही रायझर हातात धरून, पुढच्या आणि मागच्या दोऱ्या बोटांमध्ये वेगळ्या ठेवून, कॅनॉपीपर्यंत चालत जाते. याला दीड मिनिट लागते.

१६ सप्टेंबर

डी-बॅगवर दोऱ्या अडकवण्याची रबरबँडे दादाने उन्हाळ्यात घेतली होती. त्यांतली निम्मी चिकट झाली होती आणि ओढताच तुटली. सगळी बदलली. प्रत्येक वळशाचे टोक रबराबाहेर दोन ते तीन इंच राहील असे ठेवते आहे आणि शेवटी रायझरपर्यंत सुमारे दीड ते दोन फूट दोरी मोकळी सोडते. वेळ पन्नास मिनिटांवर आला आहे.

२२ सप्टेंबर

आज सागरेश्वरच्या किनाऱ्यावर कॅनॉपी वाऱ्यावर धरून हाताळण्याचा सराव करायला गेले. ही चूक होती आणि ती पूर्णपणे माझी होती. पंधरा मिनिटांतच वाऱ्याचा झोत बदलला, कॅनॉपी ओल्या वाळूवर पडली आणि उघड्या तोंडांतून नऊच्या नऊ सेलांत वाळू शिरली. एक कोपरा लाटेच्या पाण्याला लागला.

मिठाचे पाणी वाळले की त्याचे बारीक खडे कापडात आणि दोऱ्यांत राहतात आणि प्रत्येक घडीला धाग्यांवर घासतात. म्हणून भिजलेला कोपरा विहिरीच्या गोड्या पाण्याने तीनदा न चोळता बुडवून काढला आणि बाकीची कॅनॉपी कोरडीच ठेवली, कारण विनाकारण धुतल्याने कापडाच्या लेपाचे नुकसान होते. वाळू काढायला मात्र दोन दिवस गेले. कॅनॉपी उलटी टांगून एकेक सेल हाताने झटकला. मी ती अंगणात उन्हात टाकायला निघाले होते, तेव्हा काकांनी अडवले. “आदी सावळेत सुकय, मगे घडी घाल,” एवढेच ते म्हणाले. त्यांच्या नायलॉनच्या जाळ्यांना जो नियम लागतो, तोच माझ्या कॅनॉपीलाही लागतो. ऊन नायलॉनला कमकुवत करते.

१२ ऑक्टोबर, दुबई

परवा, १० ऑक्टोबरला, रिगरने रिझर्व्हची घडी घालून ते सीलबंद केले आणि कार्डावर तारीख लिहिली. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे ही मुदत १८० दिवसांची असते आणि मी तीच पाळणार आहे, म्हणजे ८ एप्रिलपर्यंत. ही तारीख जाणूनबुजून निवडली. मुदत पावसाळ्यात वाया न जाता उड्यांच्या हंगामात वापरली जाते.

एएडी म्हणून सायप्रस नवे घेतले. हे जर्मन यंत्र १९९१ साली बाजारात आले. मी काहीच केले नाही आणि सुमारे २२५ मीटर उंचीवरही सेकंदाला ३५ मीटरच्या वेगाने पडत असले, तर ते रिझर्व्हचा लूप, म्हणजे त्याचा कप्पा बंद ठेवणारा दोरीचा फास, कापते. चालू करताना ते त्या जागेच्या हवेच्या दाबाला जमीन समजते, म्हणून ते घरी नव्हे, तर ड्रॉपझोनवर (उड्या घेण्याच्या मैदानावर) पोहोचल्यावरच चालू करायचे.

यानंतर मेनची घडी घालून कंटेनर बंद करायला गेले, तर कंटेनर बंद ठेवणारी पिन लूपमध्ये जाईचना. पडवीत बावीस वेळा बंद झालेला हाच कंटेनर होता. पुल-अप कॉर्ड (लूप वर काढायची दोरी) ओढून बोटे लाल झाली, तरी शेवटच्या कडीतून लूप वर येईना. रिगरने पाहिले आणि घरी सराव करताना रिझर्व्हच्या जागी काय होते, असे विचारले. तिथे काहीच नव्हते. रिकाम्या रिझर्व्हमुळे मधली भिंत मागे सरकत होती, मेनला जास्त जागा मिळत होती आणि त्या मापाने मी क्लोजिंग लूप आखूड बांधला होता. जोर लावून तो बंद केला असता, तर पिन इतकी घट्ट बसली असती की पायलट शूटला (मेन बाहेर ओढणाऱ्या छोट्या पॅराशूटला) ती ओढणे जड गेले असते. उलट लूप सैल ठेवला, तर पिन वेळेआधी निसटून विमानाच्या दारातच पॅराशूट उघडण्याचा धोका असतो.

गाठ थोडी थोडी सरकवत तीन प्रयत्नांत योग्य लांबी मिळाली. चारही कड्या एकमेकींवर टेकतात, पिन सरळ बसते आणि हाताने ओढल्यावर अडखळत नाही. याच लांबीचे चार लूप बनवून ठेवले आहेत. घरी सराव करणाऱ्याने रिझर्व्हच्या जागी तेवढ्याच आकाराची घट्ट गुंडाळलेली चादर तरी ठेवावी.

२६ ऑक्टोबर

स्वतः घडी घातलेल्या पॅराशूटवर पहिली उडी. १३,००० फुटांवरून निघाले आणि कॅनॉपी माझ्यासाठी नवी असल्यामुळे ५,००० फुटांनाच पायलट शूट सोडले.

उघडली, पण दोऱ्यांना दोन पीळ पडले होते. कॅनॉपी सरळ उडत होती, म्हणून दोन्ही रायझर बाजूंना ताणून पायांनी उलट दिशेला झटके दिले. २,५०० फुटांपर्यंत सुटले नाही, तर कटअवे करायचे, हे जमिनीवरच ठरवले होते. ३,९०० फुटांवर ते सुटले. मग ब्रेक, फ्लेअर (उतरताना वेग कमी करण्याची कृती) आणि वळणे तपासून पाहिली आणि दोन पायांवर उतरले.

खाली प्रशिक्षकांनी माझी पुढची घडी शेजारी उभे राहून पाहिली. डाव्या बाजूचे दोऱ्यांचे वळसे उजव्या बाजूपेक्षा एक-दीड इंच मोठे होते आणि कंटेनरमध्ये ठेवताना एक रायझर दुसऱ्यापेक्षा वर राहत होता. दोन्ही सुधारल्यावर पुढच्या सहा उड्यांत पीळ पडला नाही.

१५ नोव्हेंबर

आजची नोंद लिहिताना हात अजून स्थिर नाही. विमानात चढण्याआधी एका सहकाऱ्याने माझी पाठ तपासली आणि ब्रायडलवरच्या (पायलट शूटला जोडलेल्या पट्टीवरच्या) छोट्या खिडकीत रंगीत खूण दिसत नाही, असे सांगितले. म्हणजे पायलट शूट ताणून तयार केलेलेच नव्हते. ते तसेच सोडले असते, तर ते मिटलेल्या चिंधीसारखे मागे लोंबत राहिले असते आणि पिन ओढली गेली नसती.

ही पायरी कशी सुटली, याचा दिवसभर विचार केला. उडी झाल्यावर कॅनॉपी फुगते तेव्हा आतली दोरी ओढली जाऊन पायलट शूट मिटते. पडवीत कॅनॉपी कधी फुगलीच नव्हती, त्यामुळे ते कायम तयारच असायचे. बावीस घड्या घालून माझ्या हाताला जी सवय लागली, तिच्यात ही पायरी नव्हती. ब्रेकची टॉगल मी घरी मुद्दाम सोडून पुन्हा बसवत असे, म्हणून ती कधी विसरले नाही. आता पायलट शूट दोऱ्या तपासण्याआधी तयार करते आणि पिन घातल्यावर खिडकीतली खूण मोठ्याने उच्चारून बघते. घरी सराव करताना प्रत्येक घडीआधी ते हाताने मिटवणार आहे.

३ जानेवारी, वेंगुर्ले

हिशेब असा झाला : कंटेनर १,१२,०००, हार्नेसचा पट्टा आणि ने-आण ५०,०००, मेन ९२,०००, ब्रेकच्या दोऱ्या ६,५००, रिझर्व्ह ७४,०००, एएडी १,०६,०००, तपासणी, जोडणी आणि रिझर्व्हची घडी १४,०००, रबरबँडे आणि किरकोळ २,५००. एकूण ४,५७,००० रुपये. अंदाज ३,९०,००० चा होता.

स्वतःच्या साहित्यावर एकोणीस उड्या झाल्या. घडीला आता बावीस मिनिटे लागतात आणि त्यापेक्षा लवकर करण्याची मला इच्छा नाही. काल रायझर हार्नेसला धरून ठेवणारी तीन कड्यांची जोडणी सुटी करून रायझरचे पट्टे हाताने वाकवून मऊ केले, कटअवेच्या पिवळ्या केबल पुसल्या आणि जोडणी पुन्हा बसवली. किनाऱ्याच्या हवेत हे दरमहा करणार आहे. क्लोजिंग लूपचे काही धागे तुटलेले दिसले, म्हणून बनवून ठेवलेल्या चारांपैकी दुसरा बसवला. फेब्रुवारीत पुन्हा दुबईला जाईन, तोवर कॅनॉपी कपाटात आहे आणि सिलिका जेल आज सकाळीच बदलले आहे.